स्मूर

हे क्रियापद मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भेटलं,
एडिंबरातल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात,
पत्त्याएवढ्या कार्डावर, फिकट जांभळ्या शाईत.
'स्मूर. सकर्मक. गुदमरवणे, झाकून टाकणे.'
खाली दक्षिणेच्या टेकड्यांमधल्या एका वस्तीचं नाव.
सांगणारी : एल्स्पेथ डाल्ग्लीश, वय एकाहत्तर, मेंढपाळाची बायको.
'बायको'वर बारीक रेघ.
वर, त्याच हातानं : विधवा.

कार्ड मिस रुथवेनचं.
ती सायकलवरून शब्द गोळा करत हिंडायची,
गोठ्यात शिरून विचारायची, याला काय म्हणता, आणि त्याला?
उत्तरांत कधी अंडी मिळायची, कधी कुत्रा अंगावर यायचा.

'वाक्यात वापरून दाखवा,' ती म्हणाली असेल.
म्हातारी उठली असेल गुडघ्यावर हात टेकून.
निखारे चिमट्यानं मधोमध ओढले,
त्यांवर पीटची ओलसर ढेप,
ढेपेवर राख, पावड्याच्या पाठीनं थापत थापत,
उजेडाची शेवटची फट बुजेपर्यंत.
'हे बघ. झालं वाक्य.
सकाळी उकरलं की लालच असतो.
माझ्या सासूच्या सासूनं पेटवलेला आहे हा.'

'रात्रभर जगवणे,' मिस रुथवेननं लिहिलं,
आणि पेनला टोपण लावलं.

'आणखी एक आहे,' म्हातारी अंधारातून म्हणाली.

सत्तेचाळीसचा बर्फ.
मेंढ्या दगडी बांधाच्या आडोशाला गेल्या
आणि बांधासकट दिसेनाशा झाल्या.
'चाळीस मेंढ्या स्मूर झाल्या. आणि आर्ची.'
शेजारचे गडी लांब काठ्या घेऊन आले,
बर्फात खुपसत, थांबत, पुन्हा खुपसत.
खाली श्वास असेल तर वर बोटभर भोक पडतं,
कडेनं पिवळसर. कुत्र्यांना ते आधी कळतं.
सोळाव्या दिवशी एक मेंढी निघाली,
स्वतःच्याच अंगची लोकर खाऊन जगलेली.
उभी राहिली, शिंकली, चालू लागली.

आर्चीबद्दल कार्डावर काही नाही.
टोपण परत काढलेलं दिसतं, कारण शाई इथे थोडी फुटली आहे.

मागची कार्डं पुस्तकांतून उतरवलेली.
कुणी धुक्यानं एक बंदर स्मूर केलंय,
कुणी मनातला राग, कुणी बहिणीवरचा संशय.
छान आहेत वाक्यं.
पण त्यांतल्या कुणाच्याही नखात राख नाही.

मी मराठी करायला बसले आहे.
माझ्याजवळ विझवणं आहे, पुरणं आहे,
दडपणं, कोंडणं, झाकणं, मालवणं.
विझवलं की संपलं.
पुरलं की दिवस मोजायला सुरुवात.
आमच्याकडे तशी बांगडी फुटत नाही, वाढते,
नारळ वाढतो, दिवा शांत होतो.
आम्हीही क्रियापदांवर राख ओढतो,
पण खाली काय आहे
हे ओढणाऱ्या हाताला पक्कं ठाऊक असतं.
याला ठाऊक नाही.
हे नुसतं झाकतं.
खाली निखारा की मेंढी की नवरा,
ते उकरणाऱ्यानं बघायचं.

सकाळी चूल उकरताना
ती दररोज आधी क्षणभर थांबत असेल का,
हे कुणी विचारलेलं नाही.
असल्या गोष्टींसाठी कार्डावर रकाना नव्हता.

पाठीमागे फक्त एवढं, पेन्सिलीनं :
'बाईंनी विचारलं, लिहिल्यावर कसा दिसतो. दाखवला.
म्हणाल्या, एवढासाच?'

माझ्या वहीत 'स्मूर' समोरची जागा कोरी आहे.
कार्ड मी परत ठेवलं,
स्मूक आणि स्मूट यांच्या मधोमध.
खोक्याला झाकण लावलं.
नीट बसलं ना, हे चाचपून
जिन्यावरून पुन्हा एकदा खाली आले.